चहा उकळतो, लॅपटॉप उघडत नाही

प्रश्न : ताई, देवगडजवळ आमची हापूसची बाग आहे. गिऱ्हाइकांचे पत्ते, पेट्यांचा हिशोब, कुरियरचे कागद, सगळं मी लॅपटॉपवर करते. लॅपटॉप २०१७चा. विंडोज १०, रॅम ८ जीबी, हार्डडिस्क १ टीबी. सकाळी बटण दाबल्यापासून एक्सेल उघडेपर्यंत नऊ मिनिटं जातात. आमचे हे म्हणतात, "चाय उकळान गार होता, तरी ह्येचा चाक फिरताच हा." गेल्या वर्षी दुकानातून फॉरमॅट मारून आणला. दोन महिने बरा चालला, मग पुन्हा तेच. दुकानदार परत फॉरमॅटच सांगतो. बॅटरी दोन वर्षांपूर्वी मेली, तेव्हापासून चार्जर लावूनच चालवते. आंबा सुरू व्हायच्या आत काय करू?
— एक वाचक, ता. देवगड

उत्तर : वहिनी, तूर्त फॉरमॅट मारायचा नाही. कारण खाली येईलच.

पत्र आल्यावर मी तुम्हाला फोनवर घड्याळ घेऊन बसायला लावलं, तेव्हा तुम्ही हसलात. पण तुम्ही वहीत जे लिहून पाठवलंत, त्यावरच अर्धं निदान झालं. बटणापासून कंपनीचं चिन्ह येऊन विंडोजचं चाक फिरायला लागेपर्यंत १४ सेकंद. चाकापासून पासवर्डपर्यंत १ मिनिट ५० सेकंद. आणि पासवर्ड टाकल्यापासून एक्सेल उघडेपर्यंत ६ मिनिटं ४० सेकंद. "लॅपटॉप हळू चालू होतो" म्हणून माझ्या टेबलावर दर आठवड्याला मशिनं येतात. नेमकं कुठे अडतं विचारलं की दहातले नऊ जण म्हणतात, "सगळंच हळू." सगळंच हळू असं सहसा नसतं. पहिला टप्पा मदरबोर्डचा, म्हणजे आतल्या मुख्य पाटीचा, दुसरा विंडोजचा आणि तिसरा तुम्ही हौसेने किंवा नकळत भरलेल्या प्रोग्रॅमांचा. तुमचा पहिला टप्पा ठणठणीत आहे. गाडं रुतलंय ते तिसऱ्यात.

पासवर्ड टाकल्याबरोबर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडायला सांगितलं होतं. तुमच्या फोटोत प्रोसेसर १२ टक्के, मेमरी ४५ टक्के, आणि डिस्कखाली लालभडक १०० टक्के. पण त्याच रकान्यात वेग बघा, सेकंदाला जेमतेम १.४ एमबी. डिस्क घामाघूम झालीये आणि काम चिमूटभर. ही डिस्क मिनिटाला ५४०० फेरे मारते, म्हणजे सेकंदाला ९०. हवी ती जागा सुईखाली यायला सरासरी अर्धा फेरा थांबावं लागतं, शिवाय सुईचा दांडा इकडून तिकडे हलायला वेळ जातो तो वेगळाच. सलग मोठी फाईल असेल तर हीच डिस्क सेकंदाला शंभरेक एमबी देते. विखुरलेल्या बारीक फायली मागितल्या, तर सेकंदाला शंभराच्या आतबाहेर मागण्या पुऱ्या करताना तिला धाप लागते. आणि चालू होताना विंडोज नेमक्या अशाच मागण्या हजारोंनी करतं. पहाटे दहा होड्या एकदम जेटीला लागाव्यात आणि मासळी तोलायला तराजू एकच असावा, तसं चालतं हे. तराजूवाला आळशी नसतो हो.

म्हणून आधी होड्या कमी केल्या. टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप पानावर तुमच्याकडे १७ नावं होती. प्रिंटरची शाई मोजणारा प्रोग्रॅम, दोन चॅट, मुलाच्या खेळाचा लाँचर (मुलगा पुण्यात, खेळ देवगडात!), फोटो आपोआप वर चढवणारा, आणि मुदत संपलेला अँटिव्हायरस, जो रोज फक्त "पैसे भरा" सांगायला उठतो. नावावर राइट क्लिक, डिसेबल. प्रोग्रॅम पुसला जात नाही, फक्त आपणहून उठायचा थांबतो. टचपॅड, आवाज आणि विंडोज सिक्युरिटी यांना हात लावायचा नाही. अँटिव्हायरस मात्र सेटिंग्जमध्ये जाऊन पूर्ण काढून टाका, कारण विंडोजचा स्वतःचा पहारेकरी आहे. एवढं केल्यावर तिसरा टप्पा ४ मिनिटं ५ सेकंदांवर आला, असं तुम्ही कळवलंत. चांगलं झालं, पण माझं समाधान झालं नाही.

म्हणून क्रिस्टलडिस्कइन्फो हा फुकटचा प्रोग्रॅम चालवायला लावला, आणि तिथे निळ्याऐवजी पिवळा चौकोन निघाला. 'करंट पेंडिंग सेक्टर काउंट' या ओळीत शेवटी १८ दिसतंय. ते अठरा नव्हेत, चोवीस आहेत, तिथले आकडे हेक्साडेसिमलमध्ये, म्हणजे दहाऐवजी सोळाच्या पटीत मोजलेले असतात. डिस्कवरच्या चोवीस जागा नीट वाचता येत नाहीत. अशा जागेशी आली की डिस्क पुन्हा पुन्हा वाचून बघते, काही सेकंद तिथेच अडून राहते आणि मागची सगळी रांग खोळंबते. फॉरमॅटनंतर दोन महिने बरं वाटलं, कारण विंडोज कोरं होतं आणि उठणारे प्रोग्रॅम कमी होते. डिस्क तीच होती.

आता बॅटरीचं. बॅटरी मेलेली म्हणजे तुमचा लॅपटॉप डेस्कटॉपच झाला. आपल्याकडे वाऱ्याने माड हलला तरी लाईट जाते. तुम्ही चतुर्थीपर्यंत मोजायचं ठरवलंत तरी बोटं पुरायची नाहीत. दर वेळी लिहिता लिहिता डिस्कचा श्वास तुटतो आणि पुढच्या वेळी चालू होताना विंडोज आधी डिस्क तपासत बसतं. काळ्या पडद्यावर "स्कॅनिंग अँड रिपेअरिंग" येतं म्हणालात, ते हेच.

मी फॉरमॅटला एवढी का बिचकते, तेही सांगून टाकते. धंद्यात नवी होते तेव्हा मामेभावाचा असाच रडतखडत चालणारा लॅपटॉप आला. "डेटा डी ड्राइव्हला आहे, तू सी उडव," म्हणाला. मी डिस्क न तपासता फॉरमॅट लावला. विंडोज चढता चढता ६१ टक्क्यांवर अडकलं, आणि आतून टक... टक... असा आवाज यायला लागला. सी आणि डी या एकाच डिस्कच्या दोन खोल्या. छप्पर बसलं, दोन्ही गेल्या. डी मध्ये आमच्या आजीच्या आवाजातल्या जात्यावरच्या ओव्या होत्या, त्याने स्वतः रेकॉर्ड केलेल्या. त्याने मला बोल लावला नाही. अजून लावत नाही.

तर वहिनी, आजच्या आज पत्ते, हिशोब, फोटो बाहेरच्या डिस्कवर घ्या. पेनड्राइव्हही चालेल, पण दोन घ्या. डी मध्ये टाकलेली कॉपी ही कॉपी धरायची नाही. मग अडीच इंची साटा एसएसडी आणा, ७ मिलिमीटर जाडीची. तुमचा वापर १४० जीबी आहे, तेव्हा ५०० च्या आसपासची पुष्कळ झाली. तिच्यात फिरणारं काही नसतं, त्यामुळे बारीक मागण्या ती सेकंदाला हजारोंनी पुऱ्या करते. जुनी डिस्क जशीच्या तशी नवीवर उतरवून देतो असं कोणी म्हणालं तर नको म्हणा. खराब जागांवर ते काम अडकतं आणि मरायला टेकलेल्या डिस्कला उगाच पळवलं जातं. विंडोज कोरं चढवून घ्या. मूळचं लायसन्स मदरबोर्डला जोडलेलं असेल तर इंटरनेट लागल्यावर आपोआप ओळख पटते. त्याच खेपेला बॅटरीही बदला, नाहीतर नवी डिस्कही लाईटीच्या मर्जीवर.

एक कटू गोष्ट राहिली. विंडोज १० चे नेहमीचे सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला अधिकृतपणे थांबले. तुमचा प्रोसेसर इंटेलच्या सातव्या पिढीचा, आणि विंडोज ११ ला इंटेलमध्ये आठवी पिढी लागते. म्हणजे हे मशीन हिशोबाला आणि लेबलं छापायला अजून दोनतीन हंगाम काढेल, पण बँकेचे व्यवहार त्यावर करू नका.

प्रश्न : मी रोज रात्री न चुकता लॅपटॉप शट डाऊन करतो. तरी टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरच्या पानावर 'अप टाइम' २३ दिवस दाखवतो. सकाळी चालू झाला की कधी वायफाय सापडत नाही, कधी प्रिंटर. माझ्यामागे कोणी चालू करतं का?
— एक वाचक, गुहागर

उत्तर : कोणी नाही, निश्चिंत झोपा. २०१२ च्या विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' आलंय. शट डाऊन केलं की तुमचे प्रोग्रॅम बंद होतात, पण विंडोजचा गाभा डिस्कवर जसाच्या तसा गोठवून ठेवला जातो आणि सकाळी तोच उठवतात. त्यामुळे घड्याळ मागून पुढे चालू राहतं, आणि २३ दिवसांपूर्वी रुसलेला वायफायचा ड्रायव्हरही (वायफाय चालवणारा छोटा प्रोग्रॅम) रुसलेलाच उठतो. रीस्टार्ट केलं की मात्र सगळं खरोखर नव्याने सुरू होतं. आठवड्यातून एकदा रीस्टार्ट करा, किंवा शिफ्ट दाबून धरून शट डाऊनवर क्लिक करा. तुमच्याकडे एसएसडी आहे म्हणता, मग कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन फास्ट स्टार्टअपची खूण काढलीत तरी चारदोन सेकंदांपलीकडे फरक पडायचा नाही.

प्रश्न : बटण दाबल्यावर दीड मिनिट काळ्या पडद्यावर पांढरी इंग्रजी अक्षरं, मग चिन्ह, त्यानंतर सगळं पटापट. तारीख रोज मागे गेलेली असते. घर समुद्रापासून हाकेवर.
— एक वाचक, वेंगुर्ला

उत्तर : तुमचं उलटं आहे, पहिलाच टप्पा अडलाय, त्यामुळे विंडोजमध्ये काहीही करून उपयोग नाही. मदरबोर्डवरचा छोटा सेल उतरलाय. तो उतरला की तारीख जाते, आणि कुठल्या डिस्कवरून चालू व्हायचं हा क्रमही मूळपदावर जातो. मग मशीन आधी नेटवर्कच्या केबलमधून विंडोज मिळतं का ते शोधत बसतं. त्या अक्षरांत 'पीएक्सई' दिसलं तर नक्की हेच. सेल बहुधा सीआर२०३२, पण लॅपटॉपमध्ये तो पुष्कळदा प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला, दोन तारा आणि टोपणासकट (जोडणीच्या खुंटीसकट) येतो. सुटा नाण्यासारखा सेल आणून चिकटपट्टीने बसवू नका. बदलल्यावर बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी येणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंग्जमध्ये, जाऊन तारीख लावा आणि तुमची डिस्क पहिल्या नंबरावर घ्या. उघडलेलाच असेल तर टोपणाच्या पितळी दातांवर हिरवट बुरशीसारखं काही चढलंय का बघायला सांगा. खारं वारं तिथे आधी पोचतं. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने ते निघतं. आणि कार्ड रीडरमध्ये किंवा यूएसबीला काही विसरून राहिलंय का, ते मात्र उघडायच्या आधी बघा. मागच्या महिन्यात असाच एक लॅपटॉप मी सगळा खोलला, आणि दोष निघाला तो बाजूला खोचलेल्या कॅमेऱ्याच्या कार्डाचा.