‘मधुमेहाची गाठ’ म्हणू नका

प्रश्न असा आला आहे. घरातल्या आत्याबाईंना बऱ्याच वर्षांचा मधुमेह. गोळ्या आधी कमी केल्या, मग बंद केल्या, तरी पहाटे साखर खाली जातेच. डॉक्टरांनी इन्सुलिनोमाची, म्हणजे स्वादुपिंडातल्या एका गाठीची, शंका घेऊन तपासण्या लावल्या आहेत. नातेवाइकांत कोणी ‘मधुमेहाची गाठ’ म्हणतं, कोणी ‘इन्सुलिनचा कॅन्सर’, आणि एका काकांचा आग्रह आहे की शुद्ध मराठीत ‘अर्बुद’च म्हणावं. बरोबर काय?

‘मधुमेहाची गाठ’ आजपासून बंद. हे मी वारंवार ऐकतो आणि दर वेळी तितकीच चीड येते. मलेरियाचा ताप, प्रवासाचा शीण, मधुमेहाची जखम: इथे षष्ठी कारण सांगते. या गाठीचं कारण मधुमेह नाही आणि तिचा उद्योग मधुमेहाच्या बरोबर उलटा. मधुमेहात इन्सुलिन पुरत नाही किंवा लागू पडत नाही. ही गाठ पोट रिकामं असतानाही इन्सुलिन सोडत राहते. मुळात हा आजार वर्षाला 10 लाखांत सुमारे 4 जणांना होतो, आणि आधीपासून मधुमेह असलेल्याला होणं तर फारच विरळ. म्हणून गाठीची शंका कोणाला येत नाही आणि आधी सगळे खूश होतात. औषध कमी लागतंय, तीन महिन्यांची सरासरी सुधारली, ‘शुगर गेली’. मग एके दिवशी पहाटे माणूस घामाने चिंब, हात थरथरताहेत, बोलणं असंबद्ध. अशा वेळी ‘मधुमेहाची गाठ’ एवढंच कानावर असलेली वहिनी साखरेचा डबा उचलून आत ठेवते, आणि त्या क्षणी त्या माणसाला नेमकी साखरच हवी असते. चुकीची विभक्ती अशी जिवावर बेतू शकते.

‘इन्सुलिनची गाठ’ म्हटलं तर? तेही नको. ते नाव आधीच दुसरीकडे अडकलं आहे. पोटावर एकाच जागी रोज सुई टोचणाऱ्यांना कातडीखाली चरबीची मऊ गाठ येते, तिला लोक इन्सुलिनची गाठ म्हणतात. तिथे टोचलेलं औषध नीट शोषलं जात नाही, म्हणून जागा बदलायला सांगतात. मधुमेह्याच्या घरात या दोन गाठींची सरमिसळ होणं परवडणारं नाही.

‘कॅन्सर’ही चूक. शेवटी ‘ओमा’ आला की लोकांना धडकीच भरते. ग्लॉकोमा म्हणजे काचबिंदू, ट्रॅकोमा म्हणजे खुपऱ्या, हिमॅटोमा म्हणजे साकळलेलं रक्त. यांतला एकही कॅन्सर नाही. त्या ग्रीक प्रत्ययातला ‘मा’ आणि आपल्या ‘जन्म’, ‘कर्म’मधला ‘म’ (संस्कृत ‘मन्’) एकाच घरातले. क्रियेतून जे निपजतं त्याला ते लागतात. इन्सुलिनोमा 10 पैकी 9 वेळा साधा असतो, पसरत नाही.  

आता काका. परिभाषा घडवणाऱ्यांना ‘अर्बुद’ फार प्रिय. शब्द जुना आहे, भारदस्त आहे, अबूचा पहाड त्याच नावाचा आणि हिंदीतला ‘अरब’ हा आकडाही त्याचाच वंशज. पण ज्या सुश्रुताच्या नावाने तो आपल्या गळ्यात मारला जातो, त्याच्या संहितेतलं निदानस्थान, म्हणजे रोगलक्षणांचा भाग, उघडून पाहावं. अकराव्या अध्यायात ग्रंथी आणि अर्बुद शेजारी शेजारी आहेत आणि लक्षणं वेगळी आहेत. अर्बुद ‘महान्तम् अनल्पमूलम्’, म्हणजे मोठं आणि खोल मुळांचं. ग्रंथी ‘वृत्तोन्नतं विग्रथितम्’, म्हणजे गोल, उठावदार, गाठाळलेली. इन्सुलिनोमा बहुतेक वेळा 2 सेंटीमीटरपेक्षाही लहान, गोल, कडा स्पष्ट. शस्त्रक्रियेत स्वादुपिंड मोकळं करून सर्जन ते दोन बोटांच्या चिमटीत धरून चाचपतात. मऊ अवयवात कठीण लागते ती जागा ही. पुष्कळदा गाठ अलगद सोलून काढता येते. मोठी नाही, मुळं खोल नाहीत, तर अर्बुद कशी? सुश्रुताची साक्ष काढणाऱ्यांनी सुश्रुताचंच ऐकलेलं नाही. त्याच्या कसोटीवर ही ग्रंथी ठरते, आणि ग्रंथी म्हणजे मराठीत गाठ.

मला यातलं खरं सोनं इथे दिसतं. ‘ग्रन्थि’चा प्राकृतात ‘गंठि’ झाला आणि मराठीत ‘गांठ’. जुन्या पुस्तकांत डोक्यावर अनुस्वार दिसतो तो मूळच्या ‘न्’चा वारसा. 1962 च्या शुद्धलेखन नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार काढले आणि तो दुवा डोळ्यांआड गेला. लिहिण्याची सोय झाली हे मान्य, पण शब्दाच्या अंगावरची जन्मखूण खरवडली गेली, आणि हे मला आजही पटलेलं नाही. त्याच धातूचा ‘ग्रंथ’, पानं दोऱ्यात बांधलेला. त्याच घरातलं मंगळसूत्र गाठवणं, गाठभेट, गाठीशी पैसा असणं. पाडव्याला गुढीवर चढते ती साखरेची गाठीही माझ्या मते याच वंशातली, दोऱ्यात ओवलेली. पुण्यामुंबईत 1896-97 मध्ये प्लेग आला तेव्हा मराठीने त्याला ‘ग्रंथिक सन्निपात’ म्हटलं, कारण काखेत आणि जांघेत गाठी येत. सुश्रुताच्या ग्रंथीचा अर्थ तोपर्यंत जिवंत होता.

पुढे पाश्चात्त्य वैद्यक मराठीत येताना स्राव सोडणाऱ्या अवयवाला नाव हवं होतं, ते ‘ग्रंथी’ला दिलं. तत्सम शब्द निरोगी अवयवाकडे गेला, तद्भव ‘गाठ’ आजाराकडे राहिली. एका शब्दाच्या दोन वाटण्या झाल्या. इन्सुलिनोमात त्या पुन्हा एक होतात, कारण ही गाठ असून ग्रंथीसारखी स्रवते. इतका चपखल शब्द घरात असताना बाहेरून ओझं आणायचं कशाला?

काकांना आणखी एक सांगा. 1922 च्या जानेवारीत टोरंटो जनरल हॉस्पिटलमध्ये मधुमेही मुलाला इन्सुलिन पहिल्यांदा टोचलं गेलं. त्याच शहरात 1929 मध्ये रॉस्को ग्रॅहम या सर्जनने अशी गाठ यशस्वीपणे काढून दाखवली. साखर उतरवणारं औषध आणि साखर उतरवणारी गाठ यांची कहाणी सात वर्षांत एकाच गावात घडली, आणि दोन्हींत नायक एकच, इन्सुलिन. मग गाठीच्या नावातून नेमका तोच गाळून ‘अर्बुद’ एवढं उरवण्यात कसली शुद्धता?

म्हणून मी सुचवतो: ‘इन्सुलिन सोडणारी गाठ’. षष्ठी काढा, धातुसाधित घाला. ‘सोडणारी’ म्हटलं की कर्ता कोण ते कळतं, आणि तपासण्यांचा सगळा खटाटोप त्या कर्त्यासाठीच असतो. शरीर इन्सुलिन तयार करतं तेव्हा सोबत सी-पेप्टाइड नावाचा तुकडा सुटतो. बाटलीतल्या इन्सुलिनमध्ये तो नसतो. साखर खाली गेलेली असताना घेतलेल्या रक्तात दोन्ही वाढलेले दिसले तर इन्सुलिन आतून आलं आहे. पण ग्लिमेपिराइडसारखी मधुमेहाची गोळीही स्वादुपिंडाकडून तेच करवून घेते, म्हणून रक्तात गोळीचा अंश आहे का तेही पाहतात. मूत्रपिंड थकलं असेल तर औषध अंगात रेंगाळून साखर उतरते, तीही शक्यता आधी दूर करावी लागते. मधुमेह्यात निदानाला उशीर होतो तो यामुळे. दोष आधी गोळीवर जातो, आणि बहुतेकदा तो गोळीचाच असतो.

नातेवाइकांना असं सांगा: ‘आत्याच्या स्वादुपिंडात इन्सुलिन सोडणारी छोटी गाठ असावी असा संशय आहे. बहुधा कॅन्सर नाही. साखर उतरली तर लगेच गोड द्यायचं.’ गाठ निघाल्यावर झाकलेला मधुमेह पुन्हा वर येऊ शकतो, तेही आधीच सांगून ठेवा. फाइलवर मात्र ‘इन्सुलिनोमा’च राहू द्या, आणि पोटावरच्या त्या दुसऱ्या गाठीला घरात ‘सुईची गाठ’ म्हणा.