जत्ती 'काळजीवाहू' नव्हते, हंगामी होते

स्पर्धा परीक्षेच्या एका मार्गदर्शकात १९७७ चे बसप्पा दानप्पा जत्ती 'काळजीवाहू राष्ट्रपती' ठरले आहेत. ते बरोबर का, असं विचारलंय. साफ चूक. राजीनामा दिलेलं सरकार पुढची सोय होईपर्यंत गाडा हाकतं, ते काळजीवाहू. राष्ट्रपतींच्या निधनानंतर उपराष्ट्रपती त्यांच्या जागी काम पाहतात तेव्हा राज्यघटनेचं कलम ६५ त्यांना राष्ट्रपतींचे सगळे अधिकार देतं. ११ फेब्रुवारीला फक्रुद्दीन अली अहमद गेले, २५ जुलैला नीलम संजीव रेड्डी आले. मधल्या काळात उपराष्ट्रपती जत्ती हंगामी राष्ट्रपती.

'हंगामी' परका, 'कार्यवाहक' म्हणा, असा आग्रह धरणाऱ्यांना कोपरापासून नमस्कार. मराठीत कार्यवाह संस्थेचं इतिवृत्त लिहितो, वर्गणीच्या पावत्या फाडतो! हिंदीतून शब्द उचलण्याआधी एवढं तरी बघावं.

आणि परका कसला? फारसीत 'हंगाम' म्हणजे वेळ, 'हंगामा' म्हणजे जमाव, गलका. संस्कृत सप्तचं फारसीत हफ्त होतं तसं सम्-चं हम्. पुढचा 'गाम' मी गम् धातूकडे नेतो. म्हणजे हंगाम हा आपल्या संगमाचा सख्खा चुलतभाऊ! माणसं एकत्र आली की हंगामा, ऊनपाऊस जुळून आले की हंगाम. कोशकार 'फा.' एवढा शिक्का मारून मोकळे होतात, चुलतभावाकडे कुणी वळूनही पाहत नाही.

जत्तींच्या वाट्याला दोन्ही आले. पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानातल्या सावळगीचा हा माणूस. कायदा कोल्हापुरात शिकला, संस्थानाचा दिवाण झाला आणि १९५२ नंतर मुंबई राज्यात मोरारजी देसाईंच्या मंत्रिमंडळात उपमंत्री. पुढे म्हैसूरचे मुख्यमंत्री. २४ मार्च १९७७ ला त्याच मोरारजींना पंतप्रधानपदाची शपथ जत्तींनी दिली. पुढच्याच महिन्यात मोरारजींच्या मंत्रिमंडळाकडून नऊ राज्यांच्या विधानसभा बरखास्त करण्याची शिफारस आली. जत्तींनी लगेच सही केली नाही आणि दिल्लीत खरा हंगामा झाला. ३० एप्रिलला सही झाली.

१९६९ साली तेव्हाचे हंगामी राष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी यांनी राष्ट्रपतिपदाची निवडणूक लढवण्यासाठी राजीनामा दिल्यावर सरन्यायाधीश हिदायतुल्ला, आपल्या नागपूरच्या मॉरिस कॉलेजचे विद्यार्थी, राष्ट्रपतींच्या खुर्चीत बसले. तेही हंगामीच. बँक राष्ट्रीयीकरणाच्या कायद्याला ९ ऑगस्टला मंजुरी त्यांनी दिली. ती मंजुरी काळजीवाहू होती, असं म्हणून दाखवा!