आधी दोर मोजा, मग टन

प्रश्न : काका, नमस्कार. मी आणि माझी धाकटी बहीण, आम्ही दोघीच फोर-व्हील ड्राइव्ह गाडी घेऊन कच्च्या वाटांवर फिरतो. गाडी रिकामी १७०० किलोची आहे, सामान, पाणी, इंधन धरून २१०० किलोच्या आसपास जाते. इलेक्ट्रिक विंच (रुतलेली गाडी दोराने ओढून काढणारं यंत्र), तिच्यासाठी वेगळा बंपर, वायरिंग हा पसारा नको, म्हणून हँड विंच घ्यायचं ठरवलंय. बाजारात ‘२ टन’, ‘४ टन’ लिहिलेले रॅचेट पुलर दिसतात, साखळीचे लिव्हर ब्लॉक दिसतात आणि दोर आरपार जाणारं टिरफॉर पद्धतीचं यंत्रही दिसतं. ‘गाडी दोन टनांची, मग चार टनांचा पुलर घ्या, डोळे मिटून,’ असं एकाने सांगितलं. ते बरोबर आहे का? आणि आमच्या दोघींच्या ताकदीत हे काम बसेल का?

उत्तर : डोळे मिटून काहीच घेऊ नका. टनांचा आकडा क्षणभर बाजूला ठेवा आणि विकणाऱ्याला आधी एवढंच विचारा : एकदा बांधल्यावर हे यंत्र गाडी किती मीटर ओढतं?

सर्वेक्षणाच्या गाड्या सांभाळण्यात माझी नोकरी गेली. नदीपात्रं, शेतवाटा, नुकती भिजलेली काळी माती, सगळीकडून त्या गाड्या बाहेर काढाव्या लागायच्या. त्या कामात यंत्राची ताकद कमी पडल्याचे प्रसंग थोडे. दोर कमी पडल्याचे प्रसंग मात्र पुन्हा पुन्हा यायचे. गाडी रुतते ती झाडाला टेकून रुतत नाही. झाड बारा-पंधरा मीटरवर असतं आणि घट्ट जमीन चार-सहा मीटर पुढे सुरू होते. तेवढं सगळं अंतर गाडी ओढत न्यावी लागते.

रॅचेट पुलरच्या छोट्या ड्रमवर दोर मावतो साधारण दीड ते तीन मीटर. त्यात भर म्हणजे खोक्यावरचा मोठा आकडा बऱ्याचदा दोर दुहेरी करून, हूक मागे अडकवून मोजलेला असतो. म्हणजे ‘४ टन’ हवे असतील तर दोराची धाव निम्मी. मग होतं असं, की मीटर-दीड मीटर गाडी आली की ड्रम भरतो. चाकाला पाचर मारायची, दोर सैल करायचा, मागचा पट्टा आखूड करून पुन्हा बांधायचा, ढिलाई खेचून घ्यायची आणि मग कुठे पुन्हा ओढ सुरू. ढिलाई काढण्यातच निम्मी धाव संपते. चिखलात पाचर धरत नाही, ती वेगळीच गोष्ट. गाडी घसरून परत आपल्या खड्ड्यात जाऊन बसते. कुंपणाची तार ताणायला, पडलेली फांदी वाटेतून सरकवायला पुलर छान. दोन टनांच्या गाडीचा सगळा भरवसा त्याच्यावर टाकावा असं मला वाटत नाही.

लिव्हर ब्लॉक हे त्यापेक्षा पुष्कळ प्रामाणिक यंत्र. ते भार उचलण्यासाठी केलेलं असतं, त्यामुळे दीड टन लिहिलं असेल तर दीड टन झेपतं, आणि आतला ब्रेक भार जिथल्या तिथे धरून ठेवतो. पण साखळीची धाव बहुतेक दीड मीटरच. गाडी दगडावर अडकली असेल, एका अंगावर कलंडत असेल, तिला फक्त हातभर सरकवून सावरायचं असेल, तर माझा हात आधी लिव्हर ब्लॉककडेच जातो. लांब ओढीसाठी नाही.

राहिलं टिरफॉर पद्धतीचं यंत्र. तुम्ही तेच घ्यावं असं माझं स्पष्ट मत आहे. त्याला ड्रमच नाही. आत जबड्यांच्या दोन जोड्या असतात. विहिरीतून पोहरा ओढताना एक हात दोर धरतो आणि दुसरा पुढे जातो, तसेच हे जबडे आळीपाळीने दोर पकडतात. दोर एका बाजूने शिरतो, दुसऱ्या बाजूने निघतो. त्यामुळे दोर जेवढा लांब, तेवढी धाव. नेहमी २० मीटरचा पोलादी तारांचा दोर मिळतो, त्याहून लांबही घेता येतो. सोडतानाही दुसऱ्या दांड्याने गाडी तसूतसूने मागे सोडता येते. उतारावर ही सोय किती मोलाची, हे तिथे उभं राहिल्यावरच कळतं.

आता टन. रुतलेल्या गाडीला किती ओढ लागेल याचे ठोकताळे ठरलेले आहेत. कडक रस्त्यावर वजनाचा पंचविसावा भाग पुरतो, गवतावर सातवा, मऊ कोरड्या वाळूत चौथा, वरवरच्या चिखलात तिसरा, दलदलीत किंवा चिकट मातीत निम्मा. चढ असेल तर दर अंशाला वजनाचा साठावा भाग वाढवायचा. तुमची २१०० किलोची गाडी चिकट मातीत आणि पुढे १० अंशांचा चढ धरला, तर १०५० अधिक ३५०, म्हणजे १४०० किलो. हा झाला चाकं पूर्ण न बुडवणारा चिखल. चाकं पूर्ण बुडाली की हिशेब एकदम वर जातो : तेव्हा गाडीच्या वजनाइतकी ओढ लागते, आणि चिखल चाकांवरच्या मडगार्डपर्यंत आला तर वजनाच्या दुप्पट.

या हिशेबाने तुम्हाला १६०० किलोच्या वर्गातलं यंत्र आणि सोबत एक चांगला स्नॅच ब्लॉक लागेल. ही कप्पी गाडीला लावायची, यंत्र झाडाला बांधायचं, दोर कप्पीतून वळवून पुन्हा झाडाकडे आणायचा. ओढ जवळजवळ दुप्पट होते. घर्षणात थोडी जाते, तरी ३००० किलोच्या आसपास हाती राहते. पण इथेही दोर आडवा येतो. दुहेरी केलेला २० मीटरचा दोर पोचतो १० मीटरच. म्हणून एक लांब पट्टा हवाच, न ताणला जाणारा. धक्का देऊन गाडी काढण्यासाठी जे लवचीक पट्टे मिळतात, ते विंचच्या ओढीत कधीही जोडू नका. ते ताणून जोर साठवतात, आणि एखादा सांधा सुटला तर तो सगळा जोर शॅकलसकट, म्हणजे जोडणीच्या लोखंडी कडीसकट, उडत येतो.

८०० किलोच्या वर्गातलं यंत्र हलकं म्हणून मोह होईल. त्याचं वजन ८-९ किलो, दोर धरून १४ च्या आत. १६०० वाल्याचं यंत्र १८ किलोच्या घरात आणि दोराचे वर दहाएक किलो. लहान, हलक्या गाडीला मी ८०० चं यंत्र आणि कप्पी सुचवलंही असतं. तुमच्या गाडीला ते दुहेरी दोराशिवाय पुरायचंच नाही, म्हणजे प्रत्येक वेळी हाताशी १० मीटरचीच पोच. यंत्र आणि दोर दोन वेगळ्या पिशव्यांत ठेवा, एकीने एक, दुसरीने एक उचलली की झालं.

ताकदीचं म्हणाल तर निश्चिंत असा. १६०० किलोच्या पूर्ण भारालाही दांड्यावर साधारण ४५ किलोची ढकल लागते आणि ती दंडाने द्यायची नसते. पाय घट्ट रोवून अंगाचं वजन दांड्यावर टाकायचं. भार निम्मा तर ढकलही निम्मी. लागतो तो वेळ. एका पूर्ण हेलकाव्याला दोर जेमतेम पाच-सहा सेंटिमीटर सरकतो, म्हणजे पाच मीटरला शंभराच्या आसपास हेलकावे, कप्पी लावली तर त्याच्या दुप्पट. आळीपाळीने करा. आणि त्याआधी फावडं हातात घ्या. चाकांपुढचा चिखल काढला, चेसिसखालची माती मोकळी केली, टायरमधली हवा कमी केली, की लागणारी ओढ झपाट्याने उतरते. फावड्याची दहा मिनिटं दांड्याचा अर्धा तास वाचवतात.

जोडणीच्या सामानात काटकसर नको. बो शॅकलवर किती भार चालतो ते कोरलेलं असतं, तो आकडा नसेल तर तो शॅकल घेऊच नका. १६ मिलिमीटरचा ३.२५ टन घेतो, १९ मिलिमीटरचा ४.७५ टन. कप्पी लावली की गाडीच्या हुकावर दोराच्या दुप्पट भार येतो, म्हणून तिथे १९ चाच. झाडाला रुंद पट्टा, बुंध्याच्या शक्य तितका खाली. गाडीला फक्त मजबूत रिकव्हरी हूक, म्हणजे रुतलेली गाडी ओढण्यासाठीच बसवलेला. ट्रेलर जोडायच्या गोळ्याला दोर कधीही लावायचा नाही. तो तुटला की बंदुकीच्या गोळीसारखा जातो, त्यात माणसं मेली आहेत. ट्रकवर चढवताना गाडी बांधायच्या ज्या पातळ कड्या असतात, त्याही या कामाच्या नाहीत.

ओढताना गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक सुटलेला. इंजिनचा जोर देऊन मदत करायचा मोह टाळा. गाडी अचानक सुटून पुढे आली तर दांडा हलवणारी समोरच असते. एकीने यंत्र चालवायचं, दुसरीने बाजूने चालत मागच्या चाकामागे पाचर सरकवत राहायचं. दोराच्या रेषेत आणि दोराच्या वळणाच्या आतल्या बाजूला कोणीच नाही. दोरावर जाड जाकीट किंवा पोतं टाका. हातमोजे चामड्याचे, कारण तुटलेल्या तारेचं टोक लोकरी मोज्यातून आरपार जातं.

प्रश्न : माझ्याकडे ४८ इंची हाय-लिफ्ट जॅक आहे. तो आडवा करून, दोन्ही टोकांना साखळ्या लावून विंचसारखा वापरता येतो असं पाहिलं. मग वेगळी विंच कशाला?

उत्तर : येतो वापरता. पण पट्टी ४८ इंचांची, तिच्यातली कामाची धाव मीटरभर. मीटर झाला की गाडी धरून ठेवायला दुसरी साखळी हवी, मग जॅक मागे आणायचा, पुन्हा लावायचा. वर रॅचेट पुलरबद्दल लिहिलं ते सगळं इथे लागू आहे, शिवाय जॅक चिखलात लोळतो आणि त्याच्या खटक्यांच्या पिना मातीने अडतात. त्याहून मोठी काळजी दांड्याची. भार असताना उलटा खटका टाकला की दांडा भाराच्या जोराने उसळतो. हनुवटी किंवा मनगट मधे असेल तर हाड मोडतं. जवळ जॅकच असेल आणि गाडी दोन फूट सरकली की सुटणार असेल, तर जरूर वापरा, तोंड दांड्याच्या वाटेतून बाजूला ठेवून. विंचच्या जागी त्याला धरू नका.

प्रश्न : जुनं टिरफॉर यंत्र मिळालं आहे. ओढताना दांड्यातल्या बारीक पिना तुटतात. त्या जागी जाड खिळा ठोकला तर चालेल?

उत्तर : नाही, कृपा करून नको. त्या शिअर पिना तुटण्यासाठीच आहेत. भार झेपेनासा झाला की आधी त्या तुटतात, पुढचा दांडा सैल पडतो आणि दोर, जबडे, शॅकल वाचतात. गाडी जागच्या जागी धरलेली राहते. खिळा ठोकलात तर पुढची कमजोर कडी कुठली, हे तुम्हाला ठाऊक नसणार. पिन तुटली याचा अर्थ कप्पी लावा, नाहीतर अजून खणा. दांड्याला पाइप जोडून लांब करणं हाही तोच प्रकार. बदलीच्या पिना त्याच यंत्राच्या घ्या आणि काही जादा ठेवा. हलक्या भारालाही पिना तुटत असतील तर यंत्र आत मातीने भरलेलं किंवा कोरडं आहे, आधी ते साफ करा.

प्रश्न : आमच्याकडच्या माळावर मैलभर झाड नसतं. यंत्र बांधायचं कशाला?

उत्तर : स्टेपनीला. ओढीच्या दिशेला काटकोनात मीटरभर खोल चर खणा, स्टेपनी उभी ठेवा, तिचा सपाट चेहरा गाडीकडे. मधल्या भोकातून पलीकडून मजबूत आडवा रॉड अडकवून पट्टा घ्या. पट्ट्यासाठी चराच्या भिंतीत तिरकी खाच करा, म्हणजे ओढ वर न जाता आडवी जाईल. माती भरून तुडवा. खणण्याचा त्रास आहे, पण घट्ट मातीत ही पकड चांगली टिकते. जमीन खडकाळ आणि खणणं अशक्य असेल तर लोखंडी खुंटे : पुढे तीन, त्यांच्या मागे दोन, त्यामागे एक, सगळे ओढीच्या उलट बाजूला किंचित कललेले. पुढच्या खुंट्याचं डोकं मागच्याच्या पायाशी बांधायचं. एकटा खुंटा, कितीही जाड असला तरी, उपटून येतो.

प्रश्न : यंत्राला तेल कुठलं? ग्रीस चालेल का?

उत्तर : घट्ट गिअर ऑइल, एसएई ९० किंवा त्याहून जाड. वरच्या उघड्या भागातून भरपूर सोडा आणि दांडे हलवा. तेलाने दोर निसटेल ही भीती चुकीची आहे, कोरडं यंत्रच अडतं. मात्र ग्रॅफाइट किंवा मॉलिब्डेनम डायसल्फाइड असलेलं तेल-ग्रीस वर्ज्य, कारण जबड्यांची पकड घर्षणावरच आहे. चिखल आत गेला असेल तर यंत्र डिझेलमध्ये बुडवून हलवा, पूर्ण निथळू द्या, मग तेल. दोर नेहमी त्या यंत्राला नेमून दिलेल्या जाडीचाच वापरा. बाजारातला साधा वायर रोप किंवा नायलॉनचा दोर त्या जबड्यांत चालत नाही. वेटोळं सोडताना ते चाकासारखं जमिनीवर घरंगळवत सोडा. टोक धरून ओढलंत तर गाठीसारखा पीळ पडतो, आणि पीळ पडलेला तुकडा यंत्रात शिरत नाही.