वाचक विचारतात : वेल्सची जुनी वर्तमानपत्रे आणि पूर्वजांचा शोध

प्रश्न (म्हापसा) : आमची सून कार्डिफची. तिचे खापरपणजोबा डेव्हिड जोन्स 1880च्या सुमारास मर्थर टिडफिलजवळच्या कोळसाखाणीत अपघातात गेले, असे तिच्या माहेरी सांगतात. वेल्सच्या जुन्या वर्तमानपत्रांत नाव शोधले तर हजारो नोंदी येतात. आपला माणूस ओळखायचा कसा?

उत्तर : नुसत्या नावावर शोधू नका. वेल्समध्ये बापाचे नाव हेच पुढे आडनाव झाले, म्हणून जोन्स, डेव्हिस, इव्हान्स अशी मोजकीच आडनावे गावोगाव भरली आहेत. आपल्याकडे एका वाड्यावर चार नाईक असले की घराच्या नावाने ओळखतात, तिथेही तसेच. म्हणून गल्ली, खाण, शेत किंवा चॅपल यांपैकी काहीतरी हाती लागेपर्यंत वर्तमानपत्र उघडू नये.

आधी मृत्यूचा दाखला मागवा. इंग्लंड आणि वेल्समध्ये सरकारी नोंदणी 1 जुलै 1837 पासून आहे. नोंदणी कार्यालयाच्या ऑनलाइन सूचीत मृताचे वय दिसते, त्यावरून मर्थर जिल्ह्यातले बरेचसे डेव्हिड जोन्स गळून पडतील. मात्र सूचीतली तिमाही नोंदणीची असते, मृत्यूची नव्हे. डिसेंबरअखेरचा मृत्यू पुढच्या वर्षीच्या मार्च तिमाहीत सापडतो.

अपघाती मृत्यूची चौकशी कॉरोनर, म्हणजे संशयास्पद वा अपघाती मृत्यूंचे कारण तपासणारा अधिकारी, करी. अशा दाखल्यावर माहिती देणाऱ्याच्या रकान्यात कॉरोनरचे नाव आणि बहुधा चौकशीची तारीखही असते. ही तारीख मिळाली की निम्मे काम झाले. कॉरोनरचे मूळ कागद पुष्कळदा टिकलेले नाहीत. साक्षी, खाणीचे नाव आणि छत कसे कोसळले ते वर्तमानपत्राच्या वृत्तांतातच उरले आहे.

आता ॲबरिस्टविथच्या वेल्स राष्ट्रीय ग्रंथालयाचे जुन्या वर्तमानपत्रांचे मोफत संकेतस्थळ उघडा. त्यावर 1919 पर्यंतची दहा लाखांहून अधिक पाने आहेत. चौकशीच्या तारखेपासून पुढचे तीन आठवडे एवढीच मुदत ठेवा, कारण बरीच पत्रे साप्ताहिके होती. कार्डिफचे दैनिक ‘साउथ वेल्स डेली न्यूज’ मात्र दुसऱ्याच दिवसापासून चाळा. नावाऐवजी खाणीचे नाव टाकून पाहा. एकट्यादुकट्याच्या मृत्यूला चार-पाच ओळी मिळत आणि त्यात नाव चुकीचे छापले जाई. यंत्राने वाचलेल्या मजकुरात अक्षरे बिघडतात, ते वेगळेच. शोध रिकामा आला तर त्या आठवड्याचा अंक पानोपान वाचा. कंटाळवाणे आहे, पण हमखास उपयोगी पडते.

प्रश्न (फोंडा) : स्वान्सीच्या ‘कॅम्ब्रियन’ पत्राच्या अनुक्रमणिकेत हवे ते नाव नाही. म्हणजे बातमीच नव्हती का?

उत्तर : तसे नाही. ‘कॅम्ब्रियन’ 1804 मध्ये सुरू झाले आणि त्याची अनुक्रमणिका 1930 पर्यंतची आहे. ती माणसांनी अंक वाचून केली. बातमी ज्याच्याविषयी, त्याचे नाव त्यांनी घेतले; साक्षीदार, पंच, जखमी यांची नावे सुटणारच. अशी नावे वर सांगितलेल्या संकेतस्थळावर पूर्ण मजकुराच्या शोधात मिळतात. उलट, यंत्राला न वाचता आलेले अंधुक नाव अनुक्रमणिकेत नीट असते. त्यामुळे दोन्ही वापरावीत. डेव्हिस दोन स्पेलिंगांनी लिहिले जाते. रीस आणि प्राइस ही एकाच मुळाची आडनावे, तीही तपासा. अनुक्रमणिकेतली तारीख अंकाची असते. घटना त्याआधी काही दिवस घडलेली असते.

प्रश्न (मडगाव) : वेल्श भाषा येत नाही. त्या भाषेतली पत्रे सोडून दिली तर चालेल का?

उत्तर : खाणकामगाराचा शोध असेल तर सोडू नका. ॲबरडेअरच्या कामगारांच्या वेल्श पत्रांत इंग्रजी पत्रांनी गाळलेले मृत्युलेख आणि चॅपलच्या बातम्या मिळतात. अडचण एकच. वेल्शमध्ये आधीच्या शब्दामुळे पुढच्या शब्दाचे पहिले अक्षर बदलते. मर्थरच्या आरंभीच्या ‘एम’च्या जागी ‘एफ’ येतो. कार्डिफचे वेल्श नाव ‘सी’ने सुरू होते, त्याचा ‘जी’ होतो किंवा ‘एनजीएच’ही. गावाच्या नावाची ही सगळी रूपे एकेक करून टाका. व्यक्तीचे नावही वेल्श रूपात शोधा. डेव्हिड तिथे बहुधा डॅविथ असतो, आणि त्याचे स्पेलिंग शेवटी दोन ‘डी’ घालून करतात.