वाचक विचारतात: वर्षातून दोनदाच फिरणारे आउटबोर्ड

प्रश्न: दाभोळ खाडीत आमची लहान फायबरची होडी आहे. तिला १५ हॉर्सपॉवरचे, दोन सिलिंडरचे टू-स्ट्रोक आउटबोर्ड (होडीच्या मागे बाहेरून लावलेले इंजिन) आहे. दिवाळीत आणि मे महिन्यात गावी आलो की होडी काढतो. दर वेळी पहिला दिवस दोरी ओढण्यातच जातो आणि शेवटी कार्बोरेटर खोलावा लागतो. वापर इतका कमी, तरी मशीन का बिघडते?

उत्तर: वापर कमी म्हणूनच. रोज मासेमारीला जाणाऱ्या मशीनमधले पेट्रोल दोन दिवसांत संपते. तुमच्या कार्बोरेटरच्या वाटीत मेमधले चमचाभर पेट्रोल दिवाळीपर्यंत पडून राहते. ते उडून जाते, मागे चिकट थर उरतो आणि जेटचे बारीक छिद्र बुजते.

त्यात हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते दमट हवेतले पाणी ओढते. पाणी फार झाले की पाणी आणि इथेनॉल मिळून टाकीच्या तळाशी बसतात. टू-स्ट्रोकचे वंगण म्हणजे पेट्रोलात मिसळलेले ऑइल. ते राहते वरच्या पेट्रोलात आणि टाकीची नळी ओढते तळातून, म्हणजे इंजिन वंगणाविना फिरते. तळातले थोडे पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून ठेवा. दोन थर दिसले तर ते वापरू नका. मिश्रण लागेल तेवढेच करा: ५०:१ म्हणजे लिटर पेट्रोलला २० मिली ऑइल (तुमच्या मॉडेलच्या पुस्तिकेतले प्रमाण मात्र आधी पाहा). ऑइल टीसी-डब्ल्यू३ खुणेचेच, म्हणजे पाण्याने थंड होणाऱ्या आउटबोर्डसाठीचे हवे. स्कूटरचे टू-टी ऑइल हवेने थंड होणाऱ्या, जास्त तापणाऱ्या इंजिनासाठी असते. इथे त्याची राख प्लगवर आणि रिंगांत बसते.

खरे काम होडी ओढून ठेवायच्या दिवशी, तासाभराचे. मशीन गोड्या पाण्याच्या पिंपात उभे करा, पाणी पंख्यावरच्या आडव्या पत्र्याच्या वर हवे. न्यूट्रलमध्ये दहा मिनिटे चालवा. मग पेट्रोलची नळी काढा आणि मशीन आपोआप बंद पडू द्या. एवढ्यावर थांबू नका. वाटीत थोडे उरतेच, ते खालचा स्क्रू सोडून काढा. मग किल-स्विचची (इंजिन बंद करणाऱ्या बटणाची) क्लिप काढून प्लग सोडा, प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर टू-स्ट्रोक ऑइल घाला, दोरी चार-पाच वेळा सावकाश ओढा आणि प्लग परत बसवा.

गिअर ऑइलही तेव्हाच बदला, पुढच्या सीझनला नव्हे. गिअरपेटीचे खालचा आणि वरचा असे दोन्ही स्क्रू सोडा. ऑइल दुधी निघाले तर सीलमधून पाणी शिरले आहे, आणि ते तसेच राहिले तर बेअरिंग गंजते. बहुतेकदा पंख्यामागे शाफ्टवर गुंडाळलेला तंगूस (मासेमारीचा नायलॉनचा दोरा) सील कापतो, म्हणून पंखा काढून पाहाच. नवे ऑइल खालच्या छिद्रातून, वरून बाहेर येईपर्यंत भरा. आधी वरचा स्क्रू लावा, मग खालची नळी काढा. फारसे सांडत नाही. वॉशर नवे घाला.

इंपेलरबद्दल (इंजिन थंड करणारे पाणी ओढणाऱ्या पंपातले रबरी चक्र) एक गैरसमज असतो: चाललाच नाही, तर झिजेल कसा? रबराची पाती महिनोन्‌महिने एकाच बाजूला वाकून राहतात आणि तशीच कडक होतात. दोन वर्षांनी बदला. बसवताना साबणाचे पाणी लावा, शाफ्ट इंजिनाच्याच दिशेने फिरवत खाली दाबा, आणि इंपेलर शाफ्टला अडकवणारी छोटी धातूची चावी हरवू नका.

मशीन उभे ठेवा, सावलीत. महिन्यातून एकदा अंगणात ‘दोन मिनिटे चालवून’ ठेवण्याचा सल्ला कुणी देईल, तो मानू नका. पाण्याविना इंपेलर काही सेकंदांत जळतो आणि नीट न तापलेल्या इंजिनात ओल धरते.

प्रश्न: पावसाळ्यानंतर मशीन सुरू होते, पण मागून पाण्याची धार येत नाही. पंप गेला का?

उत्तर: आधी छिद्र पाहा. कुंभारीण माशी तिथे मातीचे घर करते, नाहीतर मीठ साचते. मशीन बंद करा आणि जाड तंगूस आत सरकवून हलवा. तरीही धार नसेल तर इंपेलर उघडा, आणि तोवर मशीन चालवू नका. त्याचे एखादे पाते तुटलेले दिसले तर तो तुकडा वरच्या पाण्याच्या वाटेत अडकलेला असतो. तो शोधून काढल्याशिवाय नवा इंपेलर बसवून उपयोग नाही.