खाडा चंदगडच्या मतदानाचा, पगार बेळगावचा

प्रश्न : मी चंदगड तालुक्यातला. बेळगावच्या उद्यमबागेत एका फाउंड्रीच्या मशीन शॉपमध्ये कायम कामगार आहे. २० नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेचं मतदान होतं, म्हणून आदल्या दिवशी सुपरवायझरला सांगून घरी राहिलो. पगारचिठ्ठीत खाडा धरून ६४० रुपये कापले. ऑफिसात म्हणाले, "इलेक्शन महाराष्ट्रात, कंपनी कर्नाटकात. हवं तर रजेचा अर्ज भर, पगार काढतो." त्याआधी १ नोव्हेंबरला, ऐन लक्ष्मीपूजनाला, माल जायचा म्हणून कामावर बोलावलं आणि साधी हजेरी दिली. कोल्हापुरात नोकरीला असलेल्या भावाला शिवजयंतीची सुट्टी मिळते, मला तीही नाही. काय करू?

उत्तर : आधी एक सांगतो, तो रजेचा अर्ज भरू नका. भरलात की तुम्ही आपल्या मर्जीने रजा घेतली असं कागद बोलेल. हक्काची एक रजा खर्ची पडेल आणि पुढे भांडायला काही उरणार नाही.

मतदानाच्या सुट्टीचा नियम ना महाराष्ट्राचा, ना कर्नाटकाचा. तो लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम १३५-ब मध्ये आहे आणि तो केंद्राचा कायदा. लोकसभा किंवा विधानसभेला मत देण्याचा हक्क असलेल्या, कुठल्याही धंद्यात वा कारखान्यात नोकरीला असलेल्या माणसाला मतदानाच्या दिवशी सुट्टी द्यायची आणि पगार कापायचा नाही, इतकं ते सरळ आहे. कारखाना ज्या गावात आहे तिथेच मतदान असलं पाहिजे, अशी अट त्यात नाही. तुमचं नाव चंदगडच्या यादीत आहे, तेवढं पुरे. रोजंदारीवाल्यालाही त्या दिवसाची मजुरी द्यावी लागते.

पळवाट एकच आहे. ज्याच्या गैरहजेरीने धोका किंवा मोठं नुकसान होऊ शकतं, त्याला हे कलम लागू नाही. भट्टीवर वितळलेलं लोखंड सांभाळणाऱ्याच्या बाबतीत कंपनी असं म्हणू शकेल. लेथ एक दिवस बंद राहिली तर "मोठं नुकसान" झालं, हे सिद्ध करणं त्यांना जड जाईल. शिक्षा मात्र हास्यास्पद आहे : जास्तीत जास्त पाचशे रुपये दंड, म्हणजे तुमच्या एका खाड्याहूनही कमी. म्हणून दंडाच्या मागे लागू नका, कापलेला पगार मागा. आणखी एक, हे कलम ग्रामपंचायत किंवा जिल्हा परिषदेच्या मतदानाला लागत नाही. तेव्हा हाच कागद पुढे करू नका.

आता १ नोव्हेंबर. इथे तुम्ही बरोबर दिवशी चुकीची सुट्टी मागितलीत. कर्नाटकात सुट्ट्यांचा वेगळा कायदा आहे, १९६३ चा, राष्ट्रीय आणि सणांच्या सुट्ट्यांचा. त्यात २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि १ नोव्हेंबर या पाच तारखा कायद्यातच लिहिलेल्या आहेत. वर सणांच्या पाच सुट्ट्या. कुठले सण, ते कंपनीच्या यादीवर ठरतं. दिवाळीचा नेमका कुठला दिवस यादीत आहे यावर वाद होऊ शकतो, १ नोव्हेंबरवर होऊ शकत नाही. बेळगावच्या मराठी माणसाने राज्योत्सवाच्या, म्हणजे १ नोव्हेंबरच्या कर्नाटक स्थापना दिनाच्या, नावाने हक्क मागायचा, हे तोंडात कडू लागेल, मला कळतं. पण पैसे तुमच्या घामाचे आहेत. त्या दिवशी काम करून घेतलं तर दुप्पट मजुरी, नाहीतर त्या दिवसाची मजुरी आणि बदली म्हणून दुसऱ्या दिवशी पगारी सुट्टी, असं तो कायदा सांगतो. तुम्हाला साधी हजेरी मिळाली, बदली सुट्टी नाही. म्हणजे कंपनीकडे तुमचं देणं निघतं.

शिवजयंतीचं मात्र जमणार नाही. १९ फेब्रुवारी ही महाराष्ट्र सरकारची सुट्टी, आणि सुट्टीचा कायदा तुम्ही जिथे काम करता तिथला लागतो, राहता तिथला नाही. खरं तर तुमच्या भावालाही ती कायद्याने मिळत असेलच असं नाही. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात आठ पगारी सुट्ट्या आहेत : २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि वर्ष सुरू होण्याआधी मालक-कामगारांनी मिळून ठरवलेल्या चार. भिंतीवरच्या कॅलेंडरातले बाकीचे लाल आकडे सरकारी कचेऱ्या आणि बँकांचे. तुमच्या कंपनीच्या यादीत शिवजयंती आणायची तर पाच सणांची यादी ठरताना युनियनने ती मागावी लागेल.

करायचं काय? कंपनीला एक पानाचं पत्र द्या, इंग्रजीत किंवा कन्नडमध्ये, म्हणजे "समजलं नाही" म्हणता येणार नाही. दोन तारखा, दोन मागण्या, बस. सोबत मतदार ओळखपत्राची झेरॉक्स आणि नोव्हेंबरची पगारचिठ्ठी. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि सही घ्या. घेत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा. पंधरा दिवस वाट पाहून तीच प्रत बेळगावच्या कामगार अधिकाऱ्याकडे अर्जासोबत लावा. कोल्हापूरच्या कामगार कार्यालयात हेलपाटे घालू नका, बेळगावची कंपनी त्यांच्या हद्दीत येत नाही.

मशीन शॉपमधले चंदगड-शिनोळीकडचे आणखी किती जण त्या दिवशी घरी होते, ते विचारा. सगळ्यांच्या सह्या एका अर्जावर आल्या तर सुपरवायझरला एकट्या तुमच्यावर डूख धरता येणार नाही.