ड्रोनचा व्हिडिओ तुटक तुटक दिसतो, एनडी फिल्टर घेऊ का? कितीचा?

तुम्ही म्हणताय डीजेआय कंपनीच्या मिनी ३ ड्रोनने बीचवर दुपारी काढलेला व्हिडिओ झटके मारल्यासारखा दिसतो, जो तो एनडी फिल्टर (लेन्सवर बसवायची, उजेड कमी करणारी काळसर काच) घ्या म्हणतो, तर खरंच फरक पडतो का आणि घ्यायचा तर कितीचा. फरक पडतो, चांगलाच पडतो, पण सगळ्या शॉटमध्ये नाही.

माझ्या बाबतीत हेच झालं होतं. मे महिन्यात गुहागरला मामाकडे होतो, भर दुपारी बारा-साडेबाराला पाण्यापासून दोन-तीन मीटरवर ड्रोन ठेवून लाटेच्या बाजूबाजूने नेला, मोबाइलवर बघताना एकदम भारी वाटलं. रात्री मामाच्या मोठ्या टीव्हीवर लावलं तर लाटेचा फेस फेसासारखा दिसेचना, एकेक थेंब सुटा, मणी उधळल्यासारखा, आणि लाट वाहत यायच्या ऐवजी टक टक टक करत पुढे येतेय असं वाटत होतं. पॉज केलं की मात्र फ्रेम फोटोसारखी कडक शार्प. सगळी भानगड तिथेच आहे. शटर, म्हणजे एका फ्रेमसाठी कॅमेरा किती वेळ उजेड घेतो ते, ऑटोवर होतं आणि उन्हामुळे ते १/४००० सेकंदापेक्षाही कमी झालेलं, म्हणजे बघा, २५ एफपीएसला (सेकंदाला २५ फ्रेम) प्रत्येक फ्रेमच्या वाट्याला १/२५ सेकंद येतो, त्यातला एवढासाच क्षण कॅमेरा बघतो आणि बाकी सगळा वेळ डोळे मिटून बसतो, मग मधली हालचाल रेकॉर्डच होत नाही. फ्रेमच्या निम्मा वेळ शटर उघडं राहिलं, म्हणजे २५ ला १/५० आणि ३० ला १/६०, की हलणाऱ्या गोष्टीला थोडासा ब्लर येतो आणि डोळ्याला ते सलग वाटतं. जुन्या फिल्म कॅमेऱ्यात अर्धी उघडी गोल चकती फिरायची, १८० डिग्रीचा नियम म्हणतात तो तिथून आलाय.

आता १/५० ठेवायचं तर मिनी ३ चं अ‍ॅपर्चर फिक्स आहे, एफ १.७ (हा लेन्सच्या भोकाचा आकडा, जितका लहान तितकं भोक मोठं), ते बारीक करताच येत नाही आणि आयएसओ (सेन्सर उजेडाला किती संवेदनशील ते) १०० च्या खाली जात नाही, मग उजेड कमी करायचा तो बाहेरूनच. हिशेब सोपा आहे. लख्ख उन्हात आयएसओ १०० आणि एफ १६ ला साधारण १/१०० शटर लागतं, तेच एफ १.७ ला जवळजवळ १/९००० होतं. ते १/५० वर आणायला उजेड १८० पट कमी करायला हवा. फिल्टरवरचा आकडा म्हणजे नेमकं हेच, एनडी६४ चौसष्टावा हिस्सा उजेड आत सोडतो, म्हणजे दुपारच्या उन्हाला तो पुरत नाही, २५६ लागतो. कंपनीचा सेट १६, ६४, २५६ असा येतो तो उगाच नाही. २५६ लावल्यावर चित्र किंचित (अर्धा स्टॉप) डार्क येतं पण बीचवर ते बरंच, फेस नुसता कोरा पांढरा होत नाही. तुमच्या मित्राचा एफ २.८ वाला ड्रोन असेल तर त्याला दुपारी ६४ बरोब्बर बसतो, त्याचं ऐकून तुम्ही ६४ एकटाच घेऊ नका.

चार-साडेचारनंतर मी ६४ लावतो, जुलैत लावणीच्या वेळी आभाळ भरलेलं असताना १६, आणि सूर्य बुडाला की फिल्टर काढूनच टाकतो नाहीतर आयएसओ चढतो आणि अंधारात नुसते दाणे दिसतात. मधल्या वेळी शटर १/१०० आलं तरी काही बिघडत नाही, फार जीव काढू नका.

आणि गरज कुठे नाही तेही सांगतो. ऐंशी-शंभर मीटरवरून लांबचा डोंगर, खाडी घेताय तर फ्रेममध्ये काही वेगाने सरकतच नाही, तिथे फिल्टर असला नसला कळणार पण नाही. फोटोलाही नको. जमिनीजवळून, पोफळीच्या मधून, रस्त्याच्या कडेने जाताना मात्र हवाच हवा.

दुसरं म्हणजे रिमोटच्या स्टिकला हिसका बसत असेल तर तो फिल्टरने जाणार नाही. आधी सिने मोड (ड्रोन सावकाश हलवणारा) लावा, ड्रोन वळवताना अगदी सावकाश, आणि ३० ला शूट करून २५ च्या टाइमलाइनवर टाकत असाल तर तो झटका एडिटिंगचा आहे, फिल्टरला दोष देऊ नका. प्रो मोडमध्ये आयएसओ १००, शटर १/५० आणि व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) तिन्ही लॉक करा, नाहीतर ऑटो आपल्या मनाने कारभार करतो.

पोलरायझर (चकाकी कापणारी काच) असलेला एनडी, म्हणजे एनडीपीएल, सुरुवातीला नको, ड्रोन वळला की आकाशाचा निळा रंग मध्येच गडद मध्येच फिका होतो. मी आधी एक स्वस्तातला सेट घेतलेला, त्यात सगळं हिरवट यायचं, म्हणून आणल्या आणल्या व्हाइट बॅलन्स लॉक करून पांढऱ्या कागदाचा फिल्टरसह आणि बिनफिल्टरचा फोटो काढून बघा, रंग बदलला तर लगेच परत करा. आणि तुमच्याच मॉडेलचा घ्या, जड फिल्टर लावला तर गिम्बल (कॅमेरा स्थिर धरणारी मोटरची यंत्रणा) कुरकुर करतो.

लावताना ड्रोन बंद पाहिजे, कॅमेरा मागून दोन बोटांनी हलकेच धरायचा, फिल्टर बसवायचा, मग चालू करायचा म्हणजे गिम्बल त्याच वजनावर सेट होतो. बीचवरून आल्यावर काचेवर खाऱ्या पाण्याचे बारीक ठिपके असतात, ते कोरडे घासू नका, ओरखडे पडतात, मऊ कापड साध्या पाण्याने जरासं ओलं करून आधी ते टिपून घ्या.